हक्कांची वाटणी, कामांची वाटणी

(वाई येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलांना वर्गाबाहेर नेऊन इतिहास शिकवत. घाटाच्या पायरीवर उभं करत आणि विचारत : हा दगड इथे कुणी आणला? कसा आणला? आणि आज तो कोण सांभाळतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात मिळतात. तिसऱ्याचं उत्तर गावातच शोधावं लागतं. आज मी त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

विषय दिला आहे, ‘ऐतिहासिक गावात राहणं’. पाहणं आणि राहणं यांत मोठं अंतर आहे. पाहायला येणाऱ्याला एक दिवस पुरतो. तो ढोल्या गणपतीचं दर्शन घेतो, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट पाहतो, मोठ्या घंटेखाली फोटो काढतो आणि दुपारी पसरणीचा घाट चढून पाचगणीला जातो. आपण मात्र त्याच घाटाशेजारी दूध आणतो, घरपट्टी भरतो, म्हातारी माणसं सांभाळतो, मुलांना पुण्याच्या एसटीत बसवून देतो. लग्न होऊन मी या गावात आले ती इथलीच झाले. इथल्या शाळेत शिकवलं, इथल्या वाड्यात संसार केला. या राहण्यातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे आणि तीच सांगण्यासाठी मी उभी आहे. या गावात जिथे फक्त हक्कांची वाटणी झाली, तिथे पडझड झाली. जिथे कामांची वाटणी झाली, ते सगळं आजवर टिकलं.

आधी गावाकडे पाहू. महाबळेश्वराहून उतरलेली कृष्णा इथे पहिल्यांदा मोठ्या वस्तीला भेटते. तिच्या काठाने गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी अशा सात आळ्या आणि त्यांचे सात घाट. गावाचा आजचा दगडी चेहरा मुख्यतः अठराव्या शतकातला आणि तो बराचसा रास्त्यांनी घडवलेला. पेशव्यांशी त्यांची सोयरीक होती. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांची लेक. काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली बांधलं, गणपतीचं गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली. म्हणजे पानिपताच्या दुसऱ्याच वर्षी इथे नदीकाठी एवढं मोठं काम पुरं झालं.

गणपतीच्या देवळाची मागची भिंत तुम्ही सगळ्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. पण एकदा पावसाळ्यात, पाणी चढलेलं असताना, सुरक्षित अंतरावर उभं राहून ती पाहा. भिंत सपाट नाही. ती मागे निमुळती होत जाते, माशाच्या आकाराची आहे. लोंढा येतो, त्या धारेवर आपटतो, दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. बांधणाऱ्याने नदीला अडवायचा हट्ट धरला नाही. पुराचं पाणी येणारच हे गृहीत धरून त्याला वाट करून दिली. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ती भिंत आपलं काम करते आहे.

नदीकाठच्या घरांनाही हे शहाणपण होतं. गणपती आळीत राहायला आल्यावर सासूबाईंनी मला पहिल्याच पावसाळ्यात शिकवलं ते हेच : धान्याची कणगी खाली ठेवायची नाही, लोणच्याच्या बरण्या माडीवर, कागदपत्रांची पेटी सगळ्यांत वर. धोमचं धरण झाल्यापासून पुराचं गणित बदललं. साडेतेरा टीएमसीचा तो साठा आपल्या डोक्याशी आहे. आता पाणी चढायचं की नाही हे पावसाइतकंच धरणाच्या दरवाजांवर ठरतं. पण जुलै-ऑगस्टच्या रात्री आळीत आजही पहिला प्रश्न तोच असतो : पाणी कुठल्या पायरीला लागलं? मोजमापाची ही पद्धत साऱ्या आळीला येते आणि पाणी वाढलं की दार वाजवायला कुणाला सांगावं लागत नाही. एकट्या म्हातारीच्या घरात दोन मुलं आपण होऊन शिरतात आणि तिचं सामान माडीवर नेऊन ठेवतात. लहान गावात राहण्याची पहिली मिळकत ही आहे. तिचा दुसरा भागही आपल्याला ठाऊक आहे. जो शेजारी रात्री दार वाजवतो, तोच शेजारी मुलगी उशिरा घरी आली हेही पाहतो. इथल्या बायकांनी या नजरेचा जाच सोसला आहे आणि मी ते आज मोकळेपणाने म्हणते. शेजार टिकवायचा असेल तर त्यातली ही चौकशी आपल्याला कमी करावी लागेल.

आता वाड्यांकडे येते. दगडी जोतं, त्यावर भाजलेल्या विटा, चुन्याची जोडणी, सागवानी खांब, तुळया, वर कौलं. आत चौक, ओसरी, माजघर, मागे परस आणि आड. असे वाडे आपल्या आळ्यांत किती होते आणि आज किती उरले, हे तुम्ही माझ्याबरोबरच पाहिलं आहे. ते का पडले? पाऊस पूर्वीही होता, वाळवी पूर्वीही होती. पडले ते दोन कारणांनी. एक म्हणजे वारसा. आजोबांच्या नावावरचा वाडा चार मुलांचा झाला, मग नातवंडांचा झाला. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नावं वाढत गेली. एक ठाण्याला, एक नागपूरला, एक परदेशी. हक्क सगळ्यांचा, पण पावसाळ्यापूर्वी शिडी लावून कौलं कुणी शाकारायची, हे कुठल्याच कागदावर लिहिलं नाही. दुसरं म्हणजे भाडं. भाडे नियंत्रणाच्या कायद्यांमुळे जुन्या बिऱ्हाडांचं भाडं गोठलं. बिऱ्हाडकरूला छप्पर मिळालं ही चांगली गोष्ट झाली. पण मालकाला दुरुस्ती परवडेना आणि बिऱ्हाडकरूला ती करायचा अधिकार नाही. मधल्यामध्ये तुळई कुजली.

तुळई कशी कुजते हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या सोप्याची भिंत ओल धरू लागली, तेव्हा घरातल्यांनी तिला सिमेंटचा गिलावा करायचं ठरवलं होतं. जुन्या सुताराला बोलावलं तर तो आधी हातोडीच्या दांड्याने तुळईवर ठोकत ठोकत भिंतीपर्यंत गेला. मधोमध खणखणीत आवाज येत होता. भिंतीत शिरते तिथे मात्र आवाज भद्द झाला. तो म्हणाला, “ताई, लाकूड मधे कधी जात नाही, टोकाला जातं. भिंतीला दम घेऊ द्या.” मग त्याने समजावून सांगितलं. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात ती सोडून देते. तिच्यावर सिमेंट थापलं की आत आलेली ओल बाहेर पडत नाही, ती तुळईच्या टोकाशी साठते आणि काही वर्षांत सगळा मजला खाली बसतो. आम्ही गिलावा रद्द केला, तुळईचं टोक बदललं, भिंतीला चुनाच केला. त्यासाठी चुना मुरवणारा माणूस शोधायला मात्र तालुका धुंडाळावा लागला. वाडा पडतो तेव्हा त्याच्याआधी त्याला दुरुस्त करू शकणारा हात गावातून गेलेला असतो. म्हणून वाडे जपायचे असतील तर सुतार, गवंडी आणि चुनेवाले यांना वर्षभर पुरेल इतकं काम गावानेच दिलं पाहिजे.

याउलट घाट पाहा. सात घाटांचा मालक कोण, असं विचारलं तर बहुतेकांना चटकन सांगता येणार नाही. पण त्यांची काळजी कोण घेतं, हे प्रत्येकाला माहीत आहे. कृष्णाबाईच्या उत्सवाने हे ठरवून दिलं आहे. अफजलखान स्वराज्यावर चालून आला, त्या वेळी शिवाजी महाराजांच्या यशासाठी शेंडे शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं परंपरा सांगते. खान वाईचा सुभेदार राहिलेला होता, त्यामुळे १६५९ सालच्या त्या संकटाची झळ या गावाला थेट होती. नवसाची कथा कुणी श्रद्धेने घ्यावी, कुणी इतिहासाच्या कसोटीवर पारखावी. मला त्यातली व्यवस्था मोलाची वाटते. हिवाळा सरता सरता एका आळीचा उत्सव संपतो आणि दुसऱ्या आळीचा सुरू होतो. कुणीही ‘यंदा नको’ म्हणत नाही, कारण पुढची आळी वाट पाहत असते.

आणि त्या उत्सवाची तयारी कशी होते? आधी घाट धुतला जातो. पावसाळ्यात पायऱ्यांवर बसलेला गाळ फावड्याने ओढून काढायचा, फरशीच्या फटींतलं गवत उपटायचं, निखळलेला दगड असेल तर तो बसवून घ्यायचा. मग मंडप, देवीची मूर्ती, कीर्तनं, बायकांच्या ओट्या, जेवणावळी. घराघरांतून शिधा येतो. तांदूळ निवडायला एका ओसरीवर बायका बसतात, वाढायला तरुण पोरं उभी राहतात, हिशेबाची वही एकाकडे असते आणि ती उत्सव संपल्यावर सर्वांपुढे वाचली जाते. ज्या सुना नव्याने आलेल्या असतात त्यांची गावाशी खरी ओळख त्या तांदळाच्या सुपावर होते. माझीही तिथेच झाली. भाविकांना हे देवीचं कार्य वाटतं आणि ते आहेच. पण त्याबरोबर ही दरवर्षी न चुकता होणारी घाटाची दुरुस्तीही आहे. कुठल्याही सरकारी निविदेशिवाय ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

तिसरं उदाहरण दगडाचं नाही, कागदाचं आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी १९१६ साली इथे प्राज्ञपाठशाळा उभी केली. विनोबा १९१७ साली साबरमतीच्या आश्रमातून रजा घेऊन अभ्यासासाठी इथे आले. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा एक मुलगा शिकायला आला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. धर्मकोशाचं काम इथे सुरू झालं, त्याचं व्यवहारकांड १९३७ साली प्रसिद्ध होऊ लागलं. एका माणसाच्या आयुष्यात न मावणारं हे काम; ते गुरूने शिष्याकडे आणि शिष्याने पुढच्याकडे सोपवलं. मराठी विश्वकोशाचंही तसंच. १९६० साली राज्य सरकारने साहित्य संस्कृती मंडळ स्थापलं, शास्त्रीजी अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचं कार्यालय मुंबई-पुण्याला न जाता वाईत आलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. शास्त्रीजी १९९४ साली गेले. त्यांच्यानंतर प्रा. मे. पुं. रेगे यांनी धुरा घेतली, पुढे आणखी कुणी घेतली आणि विसावा खंड २०१५ साली पुरा झाला. शेकडो जाणकारांनी नोंदी लिहिल्या, इथल्या संपादकांनी त्या तपासल्या, मुद्रितशोधकांनी ओळ न्‌ ओळ वाचली. महाराष्ट्राच्या कुठल्याही शाळेतला मुलगा आज जी नोंद उघडतो, तिच्यामागे कृष्णाकाठच्या या गावातल्या माणसांची कित्येक वर्षांची बैठक आहे.

लहान गाव म्हणजे लहान मन, असं समजणाऱ्यांना मी नेहमी या पाठशाळेची आठवण करून देते. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही, हे शास्त्रांच्याच आधाराने सांगणारे पंडित इथले होते. १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचं पौरोहित्य लक्ष्मणशास्त्र्यांनी केलं. त्या काळात हे धाडस होतं आणि ते वाईच्या शास्त्र्याने केलं.

पण इथेच आपल्याला स्वतःकडेही पाहावं लागेल. आपल्या आळ्यांची नावं, घरांची रचना आणि पाणवठे यांवर जातीची रेघ स्पष्ट होती. कोणत्या घाटावर कुणी उतरायचं, उत्सवाच्या पंगतीत कुणी कुठे बसायचं, हे ठरलेलं होतं. घाटाचे दगड ज्यांनी घडवले, वाहिले, बसवले, त्यांची नावं एकाही शिलालेखावर नाहीत. कामं वाटून घेण्याचं मी कौतुक करते आहे, ते डोळे उघडे ठेवून. कष्टाची कामं काहींच्या वाट्याला आणि मानाची काहींच्या, अशी वाटणी पुन्हा होऊ नये. आज वाई आळ्यांपुरती उरलेली नाही. २०११ च्या जनगणनेत गावची वस्ती छत्तीस हजारांच्या घरात होती आणि तिच्यातला मोठा भाग सोनगीरवाडी, सिद्धनाथवाडी आणि नव्या वसाहतींत राहतो. त्या घरांतल्या माणसांना घाट परका वाटत असेल, तर तो दोष त्यांचा नाही. आपण त्यांना कधी फावडं दिलं नाही आणि पंगतीचं आमंत्रणही दिलं नाही.

आता आजच्या अडचणी. त्यातली सर्वांत मोठी नदी. ज्या कृष्णेची आपण ओटी भरतो, तिच्यातच आपली गटारं जातात. उन्हाळ्यात पाणी हटलं की जलपर्णी पसरते आणि वास घरात येतो. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणं हे पालिकेचं कर्तव्य आहे आणि ते आपण ठामपणे मागितलं पाहिजे. पण निर्माल्य, प्लॅस्टिक आणि खरकटं टाकणारे हात आपले आहेत.

दुसरी अडचण बाहेरच्या कौतुकाची. मेणवली आणि वाईचे घाट साऱ्या देशाने पडद्यावर पाहिले. ‘गंगाजल’मध्ये (२००३) आपलं गाव बिहारचं झालं, ‘स्वदेस’मध्ये (२००४) मेणवली उत्तरेतलं खेडं झालं. चित्रीकरणाने काही हातांना काम मिळालं, हॉटेलं चालली, त्याचा मला आनंद आहे. पण चित्रीकरणाला गावाचं फक्त दर्शनी रूप लागतं. मागची भिंत पडकी असली तरी त्यांचं भागतं, आपलं भागत नाही. शनिवार-रविवारच्या गाड्यांचंही तेच. त्या महाबळेश्वरला जाताना आपल्या रस्त्यांत अडकतात, धूर सोडतात आणि निघून जातात. पाहुण्यांना दोष देऊ नये. पण घाटाजवळ गाडी लावण्याचे जे पैसे जमतात, त्यातला ठरावीक भाग घाटाच्याच दुरुस्तीला गेला पाहिजे, एवढी मागणी रास्त आहे.

तिसरी अडचण मुलांची. शिकलेलं पोर पुण्याला जातं, तिथेच घर घेतं. मी कुणालाही ‘जाऊ नका’ म्हणणार नाही. गुरुजीही म्हणाले नसते. पसरणीत जन्मलेले शाहीर साबळे मुंबईला गेले म्हणून महाराष्ट्राला मिळाले. पण गेलेल्यांनाही काम वाटून देता येतं. आजवर आपण त्यांच्याकडे फक्त वर्गणी मागितली.

म्हणून चार गोष्टी मांडते, त्या या सभेने मनावर घ्याव्यात.

पहिली : उत्सवाच्या वेळी होणारी घाटाची सफाई वर्षातून चार वेळा व्हावी आणि सात घाट सात आळ्यांपुरते न ठेवता प्रत्येक घाटाला एक नवी वसाहत आणि एक शाळा जोडून द्यावी. मुलं त्या घाटाचा दगड न्‌ दगड ओळखू लागतील.

दुसरी : वाड्यांच्या वारसांनी आपापसांत एक साधा करार करावा. हक्क कुणाचा किती, हे न्यायालय ठरवेल तेव्हा ठरवेल. पण दरवर्षी वैशाखात शाकारणी कुणी करायची आणि खर्च कसा वाटायचा, हे यंदाच लिहून काढावं. परगावच्या भावंडांनी पैसे पाठवावेत, इथल्यांनी देखरेख करावी.

तिसरी : वाडा पाडावाच लागला, तर पाडण्यापूर्वी त्याची मापं घ्यावीत, फोटो काढावेत आणि जुन्या पेट्यांतले कागद रद्दीत देऊ नयेत. मेणवलीच्या वाड्यात नानांचं दप्तर राहिलं म्हणून पेशवाईच्या इतिहासाला केवढा आधार मिळाला. तुमच्या आजोबांची किराण्याची वही, हळदीच्या सौद्याची चिठ्ठी, पत्रव्यवहार हाही इतिहासच आहे. गेलेल्या मुलांना हे काम सांगा : त्या वह्यांची पानं टिपून, नीट नावं घालून जतन करून ठेवा. हे काम पुण्यात बसून होतं, अमेरिकेत बसूनही होतं.

चौथी : चुना, लाकूड आणि दगड यांत काम करणाऱ्या कारागिरांची यादी गावाने करावी आणि त्यांच्या हाताखाली दरवर्षी काही तरुण शिकायला ठेवावेत. त्यांना शिकाऊ म्हणून योग्य मोबदला मिळावा, त्यासाठी या व्याख्यानमालेचा निधी थोडा कमी झाला तरी चालेल.

बंधू-भगिनींनो, रास्त्यांसारखं द्रव्य आपल्याकडे नाही आणि त्याची आज गरजही नाही. बांधायचं ते त्यांनी बांधून ठेवलं आहे. आपल्याला फक्त सांभाळायचं आहे आणि सांभाळण्याला द्रव्यापेक्षा नेम लागतो. दाराशी एक वही ठेवली आहे. तिच्यात देणगीचा रकाना नाही. नाव, आळी किंवा वसाहत आणि तुम्ही कोणतं काम घेणार, एवढेच रकाने आहेत. घरी जाण्यापूर्वी तिच्यात आपलं नाव लिहा आणि नावापुढे एक काम लिहा.